काझी सरांचे पाहुणे

काझी सर गेल्याचं मला परवा भाजीबाजारात कळलं. सांगणारा आमच्याच कॉलेजातला जुना कारकून. बातमी सांगून होते न होते तोच त्याने सर कशाने गेले, दवाखान्यात नेलं होतं की नाही, डॉक्टर कोण होता, असं सगळं सुरू केलं. मी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली आणि सरळ घरी निघून आले. तुसडेपणा झाला खरा, पण सरांनी स्वतः त्याला याहून लवकर गप्प केलं असतं. माणूस मेला कसा, हा त्यांच्या लेखी सगळ्यात शेवटचा प्रश्न होता, आणि तो विचारलाच पाहिजे असंही नव्हतं. तेव्हा मीही तो बाजूला ठेवते आणि त्यांच्याच पद्धतीने सुरुवात करते.

गाव परतवाडा. घर काझींचं, पण वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. आवड ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि संत्री. भांडण आमच्या प्राचार्यांशी, कायमचं.

आम्ही अकोल्याच्या एकाच कॉलेजात होतो. ते इतिहास शिकवत, मी मराठी. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी नाव विचारायच्या आधी विचारलं, “कोण्या गावच्या तुमी?” मी अमरावती म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं नाही. माहेर झालं, आजोळ झालं, आजोळच्या गल्लीतला एक शिंपी त्यांच्या फुफांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा, मित्र निघाला, तेव्हा कुठे ते खुर्चीत नीट टेकले आणि म्हणाले, “हां. आता तुमी घरच्या.” तेव्हापासून मी त्यांची ताई झाले, वयाने बरीच लहान असूनही.

ही खोड त्यांना कुठेही आवरत नसे. एकदा विद्यापीठाची तपासणी समिती आली होती. प्राचार्य दोन दिवस घामाघूम. समितीच्या अध्यक्षबाई पुण्याच्या, कडक इस्त्रीच्या. त्या सरांच्या विभागात शिरल्या आणि सरांनी विचारलं, “मॅडम, कोण्या गावच्या?” बाई म्हणाल्या, “पुण्याची.” सर म्हणाले, “ते झालं आताचं. त्याच्या आंधी?” प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. पण बाईंनी जरा विचार केला आणि सांगितलं की त्यांची आजी दर्यापूरची होती. मग काय, सरांनी दर्यापुरातल्या कापसाच्या जिनिंगपासून तिथल्या शाळेच्या हेडमास्तरांपर्यंत सगळं काढलं. बाई तासभर हलल्या नाहीत. जाताना त्यांच्या पर्समध्ये दोन संत्री होती.

अंगाने किरकोळ, मळखाऊ रंगाचा सफारी, खिशाला दोन पेनं आणि खाली एक जुनी लुना. संत्र सोलायचे ते अखंड, सालीचा एकही तुकडा पडू न देता, आणि फोडी समोर असेल त्याला वाटायचे. त्यात शिपाई, विद्यार्थी, प्राचार्य असा भेद नव्हता. प्राचार्यांशी भांडण चालू असतानाही फोड पुढे केलेली असायची. प्राचार्य ती घ्यायचे आणि मग त्यांना आवाज चढवता यायचा नाही.

ते दिवस आमच्या भागाला वाईट होते. कापसाला भाव नव्हता. वेचणीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा असायचा. शहरांतून कॅमेरे घेऊन गाड्या यायच्या, गावात शिरायच्या, एखाद्या घरासमोर थांबायच्या आणि निघून जायच्या. पेपरात पहिल्या पानावर जिल्ह्यातल्या शेतकरी आत्महत्यांचा आकडा छापून यायचा. सर स्टाफरूममध्ये आले की आधी तो पेपर पालथा घालायचे. “आकड्याले माय नसते, ताई,” म्हणायचे.

अशाच एका वर्षी स्नेहसंमेलनात वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय होता ‘माझा आदर्श’. मूर्तिजापूरकडचा गजानन गावंडे नावाचा एक मुलगा उभा राहिला. उंच, सावळा, आणि आवाज असा की माईक नको. तो जर्मनीच्या त्या हुकूमशहावर बोलला. त्याने देशाला शिस्त लावली, बेकारी संपवली, देश पोखरणाऱ्यांना सरळ केलं, आपल्याकडेही असाच एखादा पाहिजे. मुलांनी बाकं वाजवली. पुढच्या रांगेतल्या काही प्राध्यापकांनीही टाळ्या दिल्या. तीन परीक्षकांपैकी दोघांनी त्याला पहिला नंबर दिला. तिसरे काझी सर.

सर उठून माईकशी गेले. “गजानन, ज्यायले मारलं त्यातल्या एकाचं नाव सांग.”

गजानन हसला. “सर, लाखो होते. नावं कोण सांगन?”

“लाख नोको सांगू. एकच सांग.”

त्याला सांगता आलं नाही. सभागृह हसलं, पण ते सरांना हसलं. सरांनी ढाल त्याच्या हातात दिली आणि माईक तोंडासमोर असतानाच म्हणाले, “तुहा आवाज लय चांगला हाये. चांगल्या आवाजाच्या माणसानं जपून बोलाव लागते.”

दुसऱ्या दिवशी मी रागाने काहीबाही बोलले त्या मुलाबद्दल. सरांनी मला फोड दिली. “पोरगं वाईट नाही, ताई. त्याच्याजोळ राग हाये, अन् राग रिकामा हाये. रिकाम्या रागाले कोनीबी चाकरीले ठेवून घेते.” ते खरंच होतं. चौकाचौकात सभा घेणाऱ्या एका मंडळाने गजाननला आधीच हेरलं होतं. गावी शेतीत काही राम उरला नव्हता, नोकरी दिसत नव्हती, आणि कोणीतरी त्याला सांगत होतं की हे सगळं कोणामुळे झालं. ते ‘कोण’ म्हणजे काझी सरांसारख्या आडनावाची माणसं होती. सरांना हे ठाऊक होतं. “हा पोरगा मी हातचा जाऊ देत नाही,” एवढंच ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना.

त्यातून शनिवारचा तास सुरू झाला. कुठल्याशा उजळणी वर्गात सरांना कोणीतरी एका परदेशी संग्रहालयाचं संकेतस्थळ दाखवलं होतं. त्या हुकूमशहाने केलेल्या ज्यूंच्या छळातून गेलेल्या माणसांचे फोटो, त्यांच्या घरातल्या वस्तू, आणि वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांनी कॅमेऱ्यासमोर बसून सांगितलेल्या तासन् तासांच्या हकिकती. सरांना माउस धरता येत नव्हता. तो ते टेबलावरून उचलून हवेत फिरवायचे. तरी कॉम्प्युटर लॅब त्यांनी मिळवली, आणि प्रत्येक मुलाला त्या संग्रहातला एकेक माणूस वाटून दिला. या माणसांना ते पाहुणे म्हणत. “हा तुहा पाव्हना. वर्षभर तुह्या घरी हाये. त्याचं गाव कोणतं, तो कोनाच्या घरचा, त्याले काय आवडे, त्याचं कोनाशी भांडन होतं, हे मले सांगायचं. मेला कसा, हे शेवटी. अन् मेलेल्याचा फोटो कोनी उघडायचा नाही. जित्ता होता तवाचा उघडा.”

मुलांचं इंग्रजी बेताचं. पडद्यावरच्या ओळी वाचून होईपर्यंत माणूस पुढे गेलेला असायचा. मग सर दर वाक्याला चित्रफीत थांबवत आणि वऱ्हाडीत सांगत. मूळची पोलंडमधली एखादी आजी पडद्यावर ओठ मिटून थांबलेली आणि सर म्हणून राहिले आहेत, “मंग माय म्हने, रोजा, दूध उतू जाईन, ध्यान ठेव. अन् मी बसली खिडकीत पायत.” खिडकीबाहेर कॉमर्सची मुलं उभी राहून ऐकायची. मी स्वतः मराठीची बाई, प्रमाणभाषेवर पोट भरणारी, पण त्या आजीला दुसरी कुठली भाषा शोभली असती असं मला कधी वाटलं नाही.

भारनियमन असायचंच. हकीकत ऐन भरात आली की वीज जायची. मुलं म्हणायची, सर, पुढचं तुम्ही सांगा ना. सर मान हलवायचे. “तिनं जेवढं सांगतलं तेवढंच. पुढचं आपन बनवायचं नाही.”

सगळ्यांना हे पसंत होतं असं नाही. प्राचार्यांना वाटे अभ्यासक्रमात एक परिच्छेद आहे, त्याला एवढं काय. सरांच्या मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गाने त्यांना मशिदीबाहेर अडवलं होतं, “काझी, यहूदियों का इतना दर्द तुम्हें क्यों?” सर म्हणाले, “चचा, अभी तो उसका गाँव पूछ रहा हूँ.” एक वार्ताहर आला आणि विचारू लागला की आपल्या भागातल्या मृत्यूंशी याची तुलना करता येईल का. त्यावर मात्र सर चिडले. दोन घरचं रडणं तराजूत घालायचं नसतं, असं त्याला बजावून त्यांनी तास पुढे सुरू केला. वार्ताहराला त्या दिवशी फोड मिळाली नाही.

गजाननला सरांनी मुद्दाम रोजा दिली, ती दुधाकडे लक्ष ठेवणारी. तो सुरुवातीला यायचाच नाही. आला तरी मागे बसून मोबाईल चाळायचा. मग एका शनिवारी रोजा आपल्या वडिलांबद्दल बोलत होती. गाव कापडगिरण्यांचं, वडील गिरणीत कापसाची पारख करायला. बोलता बोलता तिने दोन्ही हातांचे अंगठे समोर धरले, मधे जणू कापसाचा पुंजका आहे असे, आणि हळूच ताणून दाखवला. धागा किती लांब निघतो ते वडील असं बघायचे, ती म्हणाली.

सर ते सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात मागून गजानन बोलला. “सर, थांबा. ते पुन्हा लावा.”

सरांनी पुन्हा लावलं. गजानन उठून पडद्याजवळ आला. “आमचे आबा असेच पाहेत,” तो म्हणाला. “असेच. अंगठा असाच धरत.” त्याचे आबा म्हणजे आजोबा. त्याने त्यांच्यासारखे अंगठे धरून सगळ्यांना दाखवलं, आणि मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन खाली बसला. स्टाफरूममध्ये आल्यावर सरांनी संत्र सोलायला घेतलं आणि साल पहिल्यांदाच मधे तुटली.

त्यानंतरच्या तासाला रोजा गाडीतून छावणीच्या फलाटावर उतरली. गर्दीत तिच्या हातातून आईचा हात सुटला. इथे वीज गेली. पुढच्या शनिवारी गणपती, त्याच्या पुढच्या शनिवारी रस्त्याच्या खोदकामात नेटची तार तुटली, आणि तास बंदच पडला.

पितृपक्ष संपल्यावर गजानन स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला. मी होते, सर होते.

“सर, एक गोष्ट झाली.”

“बोल.”

“म्या मायले रोजाची सारी गोष्ट सांगतली होती. माय म्हने, मंग तिचं काय झालं? म्या म्हटलं मेलीच असन, तिथून कोन वाचते. मंग माय म्हने, तिची तिथी कोनाले मालूम नाही, सर्वपित्रीले तिचंबी पान ठिवू. आबाचं ठिवलं, आजीचं ठिवलं, अन् एक तिचं. वडे, कढी, खीर, सारं.” तो दारातून आत आला. “आबाच्या पानाले कावळा लगेच आला. आजीच्याबी आला. तिच्या पानाजोळ आला, पायलं अन् उडून गेला. माय उपाशी बसली दुपारपरेंत. शिवलाच नाही, सर. तिची काई इच्छा राहिली असन का?”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. गजानन गोंधळून माझ्याकडे बघायला लागला.

“कावळा कसा शिवन, बाप्पा,” सर म्हणाले. “बाई जित्ती हाये.”

खरं तर साधी गोष्ट होती. हकीकत सांगणारी म्हातारी समोर बसून सांगते आहे, म्हणजे ती वाचली, हे कोणालाही कळावं. पण त्याच्या डोक्यात फलाटावरची लहान रोजा एवढी शिरली होती की पडद्यावरची म्हातारी तीच, हे तो विसरून गेला होता. सरांनी त्याला तसंच सायबर कॅफेत नेलं आणि पुढचं दाखवलं. आई गेली होती. रोजा वाचली होती. दुसऱ्या देशात, स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून ती तिथल्या पावाला नावं ठेवत होती.

“जित्त्या बाईचं पान ठिवलं म्या,” गजानन म्हणत राहिला. ही खंत त्याच्या आईने एका वाक्यात मिटवली. खोटी मरणाची खबर आली की माणसाचं आयुष्य वाढतं, तेव्हा चांगलंच झालं, आता बाई शंभर वर्षं जगते. पण तिला कळवा मात्र, असं तिने सरांना सांगून पाठवलं. सरांनी मला धरलं, मी इंग्रजी नीट केलं, आणि आम्ही संग्रहालयाला तसा मेल पाठवला. उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. बऱ्याच दिवसांनी आलं. रोजाबाईंना मजकूर वाचून दाखवला, त्या खूप हसल्या, आणि त्यांनी विचारलं आहे की वडे कशाचे होते.

हे सगळं गोड झालं. पण गजाननचं मंडळ तिथेच होतं, आणि त्यांना त्याचा आवाज हवा होता. निवडणुका जवळ आल्या. शहरात कुठेतरी दगडफेक झाली, दोन दिवस दुकानं बंद राहिली, आणि मग चौकात सभा ठरली. भित्तिपत्रकावर वक्त्यांमध्ये गजाननचं नाव होतं. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी सरांना सांगितलं की त्या दिवशी तिकडे फिरकू नका. सर हो हो म्हणाले.

त्या चौकात माझा शिंपी वरच्या मजल्यावर होता. ब्लाउज आणायला गेले आणि खाली सभा सुरू झाल्याने अडकले. खिडकीतून पाहते तर समोरच्या पानठेल्यापाशी लुना उभी आणि तिला टेकून काझी सर. आजूबाजूची माणसं त्यांना ओळखत नव्हती, आणि ओळखतील तर काय, हे मला माहीत नव्हतं. मी शिंप्याला म्हटलं, त्यांना वर बोलवा. शिंपी म्हणाला, मॅडम, आता मी खाली जात नसतो.

गजानन माईकशी आला. सुरुवातीला शेतीचं बोलला, भावाचं बोलला, आणि ते सगळं खरं होतं. लोक चिडीचूप ऐकत होते. मग त्याने आवाज चढवला, हात वर केला आणि म्हणाला, “अन् हे लोक—”

तिथे त्याची नजर पानठेल्याकडे गेली.

सरांनी काही केलं नाही. मान हलवली नाही, डोळे वटारले नाहीत. ते संत्र सोलत होते. गजाननचा हात वरच होता. त्याने पुन्हा म्हटलं, “हे लोक,” आणि पुढचं वाक्य त्याला सापडेना. गर्दीतून कोणी तरी ओरडलं, बोल ना बे. तो हात हळूहळू खाली आला. त्याने घशाला हात लावला, बाजूच्या माणसाकडे माईक दिला आणि मागच्या शिडीने उतरून गेला.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. दुसऱ्याने माईक घेतला आणि जे बोलायचं ते सगळं बोलला. टाळ्याही पडल्या. सभा संपेपर्यंत सर तिथेच होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यावर खूप ओरडले. माझ्या आवाजाने शिपाई आत डोकावला. सर म्हणाले, “म्या काय केलं, ताई? संत्र खाल्लं.” मग जरा वेळाने म्हणाले, “त्याच्यासाठी फोड ठेवली होती. पोरगं दुसऱ्या बाजूनं गेलं.”

फोड त्याने सोमवारी येऊन खाल्ली. मंडळ त्याने सोडलं, त्यापायी काही दिवस बोलणी आणि एकदा मारही खाल्ला. पुढे बी.एड. करून तो सेमाडोहच्या बाजूला आदिवासी मुलांच्या आश्रमशाळेत लागला. सर निवृत्त होऊन परतवाड्याला गेले, आणि आमच्या स्टाफरूममध्ये पेपर पुन्हा सुलटा पडू लागला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एका हिवाळ्यात. आम्ही घरची मंडळी चिखलदऱ्याला निघालो होतो आणि परतवाड्याच्या स्टँडवर चहाला थांबलो. पलीकडे सेमाडोहची जीप भरत होती. आत पुढच्या सीटवर, ड्रायव्हर आणि एका नऊवारीतल्या बाईच्या मधे चेपून, मांडीवर लॅपटॉपची पिशवी आणि संत्र्यांची पिशवी घेऊन काझी सर बसले होते. फार वाळले होते. मी हाक मारली तर आधी ओळखलं नाही, मग एकदम चेहरा उजळला. “ताई! या घरच्या आमच्या,” त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं.

दर शनिवारी ते गजाननच्या शाळेत जात होते. तिथे नेट लागत नाही, म्हणून गजानन परतवाड्याला येऊन हकिकती उतरवून घेतो, आणि पोरांना त्यांच्या कोरकू बोलीत सांगतो, असं ते अभिमानाने म्हणाले. “माह्यापेक्षा चांगला सांगते. आवाज हाये ना त्याच्याजोळ.”

मी विचारलं, “आणि रोजा?”

सरांनी पिशवीतलं एक संत्र सोलायला घेतलं. “रोजा गेली, ताई. यंदा. संग्रहालयवाल्यायनं कळवलं.” मग म्हणाले, “गजाननच्या मायनं सर्वपित्रीले पान ठिवलं. मले बोलावलं होतं. मीबी गेलतो.”

जीप सुरू झाली. मला विचारायचं होतं ते विचारावं की नाही कळेना, पण सरांनी माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून एक सोललेलं संत्र माझ्या हातात ठेवलं.

“शिवला,” ते म्हणाले. “आम्ही छतावरून खाली उतरलो बी नव्हतो. सगळ्यात आंधी तिचंच पान.”

जीप हलली. मी संत्र घेऊन तिथेच उभी राहिले. धुराळ्यातून ऐकू आलं, सर शेजारच्या बाईला विचारून राहिले होते, “तुमी कोण्या गावच्या, माय?”